दोन मिनिटं आहेत का?

‘दोन मिनिटं आहेत का?’ असं विचारून उत्तरासाठी थांबलेला माणूस आजवर कोणी पाहिलेला नाही. प्रश्न पुरा होईतो त्याने खुर्ची ओढलेली असते, बूड टेकलेलं असतं आणि टेबलावरच्या डब्यातले चार शेंगदाणे तोंडात टाकलेले असतात. पुढे जे सुरू होतं ते दोन मिनिटांत संपत नाही, आणि संपतं तेव्हा अडवला गेलेला माणूस आपल्याच हातातल्या कागदाकडे, हा शेजाऱ्यांचा कागद इथे कसा आला, अशा नजरेने बघत राहतो. या अवस्थेचं खापर आपण सर्रास व्यत्ययावर फोडतो. ‘लोक कामच करू देत नाहीत’ हे वाक्य घरात, कचेरीत, बँकेत आणि मंगल कार्यालयात सारख्याच तळमळीने ऐकू येतं. लेखकमंडळींचा तर त्यावर योगक्षेम चालतो; लोकांनी काम करू दिलं असतं तर न लिहिलेल्या कादंबऱ्यांचं बिल आम्ही कोणाच्या नावावर फाडलं असतं? तरीही माझं म्हणणं असं, की व्यत्यय बिचारा निर्दोष आहे. तो यायचाच. बिघाड आहे तो त्याला सामोरं जाण्याच्या आपल्या रीतीत, आणि याचा पुरावा बाल्कनीत, कपडे धुण्याच्या यंत्राच्या पोटात बसलेला आहे.

त्या पोटात एक मायक्रोकंट्रोलर असतो. नखाएवढ्या काळ्या चिपवर प्रोसेसर, मेमरी, टायमर आणि बाहेरच्या जगाशी बोलायचे पाय असा सगळा संसार एकत्र मांडलेला. घाऊक घेतले तर यातले काही प्रकार वडापावापेक्षा स्वस्त पडतात. टीव्हीच्या रिमोटमध्ये हाच, लिफ्टमध्ये हाच, किराणा दुकानातल्या वजनकाट्यातही हाच. धुलाईयंत्रात त्याचं मुख्य काम म्हणजे एक न संपणारं चक्र: पाणी घे, फिरव, सोड, पीळ, आणि पुन्हा बघ काय राहिलं. हे चालू असताना पाण्याची पातळी सांगणारा सेन्सर त्याला हाक मारतो, दाराचं कुलूप मारतं, मोटरचे फेरे मोजणारा मारतो, आणि मधूनच एखादं अधीर बोट पॅनेलवरचं बटण दाबतं. शिवाय टायमर आहेच. तो बहुधा दर मिलिसेकंदाला टिचकी मारेल असा लावलेला असतो, म्हणजे सेकंदाला १००० वेळा. या सगळ्या हाकांना इंटरप्ट म्हणतात. सेकंदाला १००० टिचक्या खाऊनही या चिपने ‘लोक काम करू देत नाहीत’ असं म्हटल्याचं ऐकिवात नाही, आणि कपडे तर धुऊनच बाहेर येतात.

तुलनेसाठी एक नाना घेऊ. नाना काल्पनिक आहेत, पण फारसे नाहीत. ३१ जुलैची संध्याकाळ आहे आणि ते आयकराचं विवरणपत्र भरायला बसले आहेत. ठेवींच्या व्याजाचे तीन आकडे डोक्यात, चौथा जिभेवर, आणि दाराची बेल वाजते. अशा प्रसंगी चिप काय करते ते आधी पाहू. आर्म कंपनीच्या कॉर्टेक्स-एम३चा दाखला घेतो. २००४ मध्ये जाहीर झालेला हा नमुना आणि त्याची धाकटी-थोरली भावंडं आज असंख्य उपकरणांत राबत आहेत. हाक आली की चिप हातातली आज्ञा उरकते किंवा खाली ठेवते, आणि उठण्याआधी आठ गोष्टी स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या राखीव चळतीवर, नीट मांडते: हिशेबात गुंतलेली पाच रजिस्टरं, कोणाकडे परतायचं होतं तो पत्ता, पुढची आज्ञा कुठे आहे तो पत्ता, आणि स्वतःच्या मनःस्थितीची नोंद. होय, मनःस्थितीचीही, शेवटची वजाबाकी शून्यावर आली होती की उणे गेली होती, हे ती लिहून ठेवते. मग व्हेक्टर टेबल नावाच्या तक्त्यात बघते, की या हाकेला उत्तर देणारा हँडलर कुठल्या पत्त्यावर राहतो, आणि तिकडे जाते. मेमरीने वेळेवर साथ दिली तर हा सगळा सोपस्कार घड्याळाच्या १२ ठोक्यांत होतो. घड्याळ ७२ मेगाहर्ट्झचं असेल तर एका मायक्रोसेकंदाच्या सहाव्या भागात. हँडलरचं काम झालं की आठही वस्तू जागच्या जागी, आणि मुख्य प्रोग्रॅमला आपण मध्ये उठलो होतो याचा पत्तादेखील नसतो. नाना बेल ऐकून तडक उठतात. आकडे कागदावर उतरवत नाहीत, कारण ‘राहील लक्षात’. लक्षात राहणं ही मनुष्यजातीकडची सर्वांत जुनी आणि सर्वांत गळकी मेमरी आहे. परत आल्यावर संवाद होतो तो असा: ‘अगं, मी कुठपर्यंत आलो होतो?’ ‘मला काय विचारता? मी पोळ्या करत होते.’ मग नाना पॅन नंबरापासून पुन्हा सुरू करतात, आणि शिव्या खाते बेल.

पण उठण्यापेक्षा मोठी गफलत दारात होते. मायक्रोकंट्रोलरसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांत एक दंडक आहे, की हँडलर आखूड हवा. आलेला बाइट उचल, खूण करून ठेव, परत जा. त्या बाइटचं काय करायचं ते मुख्य चक्र सवडीने बघेल. हँडलरमध्ये बसून पडद्यावर मजकूर छापणारा किंवा ‘थोडं थांबू’ म्हणून वेळकाढूपणा करणारा प्रोग्रॅमर या बिरादरीत नवशिका समजला जातो. नानांचा दंडक उलटा आहे. पार्सल आणणारा मुलगा म्हणतो, ‘काका, ओटीपी.’ नाना म्हणतात, ‘कुठले तुम्ही?’ ‘सांगोल्याचा.’ ‘सांगोला! म्हणजे डाळिंबवाले. यंदा बहार कसा धरलाय?’ ‘आमची शेती नाही काका. ओटीपी.’ ‘सांगतो रे, पळतोस कुठे?’ इथे बेलच्या इंटरप्टचा हँडलर सांगोल्यापर्यंत पोचला आहे आणि त्या मुलाच्या पिशवीतली बाकीची पार्सलं रांगेत उभी आहेत. आणखी एक बारकावा आहे. हाक मारणाऱ्याचा फ्लॅग बऱ्याचदा हँडलरने स्वतः उतरवावा लागतो, म्हणजे ‘ऐकलं रे बाबा’ अशी पोच द्यावी लागते. ती द्यायची राहिली तर हँडलर संपल्या क्षणी तीच हाक पुन्हा लागू होते, पुन्हा हँडलर, पुन्हा हाक, आणि मुख्य काम कायमचं जागच्या जागी. आतून ‘अहो, ऐकलंत का?’ अशी हाक येते तेव्हा नाना ‘हं’सुद्धा म्हणत नाहीत. मग ती हाक वाढत्या आवाजात येतच राहते, आणि नाना तक्रार करतात की या घरात एकच गोष्ट दहादा सांगतात. चिपच्या बाजूने इतकं मात्र सांगायला हवं, की एक हाक उत्तराविना उभी असताना तीच आणखी नऊ वेळा आली तर तिची नोंद एकच राहते. नऊ हाका हवेत विरतात, कोणी कोणाचा राग धरत नाही.

आता कोणी म्हणेल, की हे यंत्राचं झालं. माणुसकी म्हणून काही आहे की नाही? दारी आलेल्याशी चार शब्द बोलायचे नाहीत? आक्षेप वरून गोड दिसतो. पण माणुसकी कशात मोजायची, उत्तर किती लवकर मिळालं यात की किती लांबलं यात? दारात उभ्या माणसाला एका मायक्रोसेकंदाच्या आत ‘बोल’ म्हणणारी चिप जास्त अगत्यशील, की ‘आलो, आलो’ असं आतून ओरडत चप्पल शोधणारे नाना? शिवाय शिष्टाचाराचे नाजूक नमुने या सिलिकॉनमध्ये आहेत. एका हाकेसाठी सामान स्टॅकवर मांडणं चालू असतानाच तिच्याहून महत्त्वाची हाक आली, तर कॉर्टेक्स-एम३ मांडामांड मोडत नाही. त्याच मांडणीवर आधी मोठ्या हाकेला भेटून येते. एकामागे एक दोन हाका असतील तर पहिलीचं आवरल्यावर सामान उचलून पुन्हा मांडण्याचा उद्योग वाचवते आणि ६ ठोक्यांत थेट दुसरीकडे वळते. मला मात्र नॉर्वेत जन्मलेल्या एव्हीआर चिपची रीत जास्त आवडते, जी आर्डुइनो ऊनोच्या पाटीवरच्या एटीमेगा३२८पी चिपमुळे शाळकरी मुलांपर्यंत पोचली आहे. तिथे नियम असा, की एका इंटरप्टवरून परतल्यावर बाहेर कितीही जण ताटकळत असोत, मुख्य प्रोग्रॅमची निदान एक आज्ञा पार पडल्याशिवाय पुढच्याला आत घ्यायचं नाही. एकच आज्ञा, पण हक्काची. नानांना दोन फोनच्या मध्ये एक आकडा भरू दिला असता तर पाहुण्यांच्याच वेगाने का होईना, विवरणपत्र पुढे सरकलं असतं.

सगळ्यांत मौजेचा भाग प्रायॉरिटीचा. महाराष्ट्रात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या पिढ्यांनी हा विषय ८०८५ या जुन्या इंटेल प्रोसेसरवर घोकलेला आहे. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक विचारतात, ‘सर्वांत वरची प्रायॉरिटी कोणाची?’ विद्यार्थी म्हणतो, ‘ट्रॅप, सर.’ ‘तो बंद करता येतो?’ ‘नाही, सर.’ ‘का नाही?’ इथे विद्यार्थी छताकडे बघतो, कारण पाठांतर ‘का’च्या अलीकडेच संपलेलं असतं. ट्रॅपच्या खाली साडेसात, साडेसहा आणि साडेपाच क्रमांकांचे आरएसटी आणि सगळ्यांत शेवटी साधा इंटर, अशी ती उतरंड ठरलेली होती. ज्याची पायरी त्याला. कॉर्टेक्स-एम घराण्यात पायरी आपण ठरवायची. आकडा जितका लहान तितका मान मोठा, शून्य सर्वांत वर. आणि इथे खरी गंमत आहे: चिप सुरू होते तेव्हा बदलता येण्याजोग्या सगळ्या इंटरप्टांचा आकडा शून्यच असतो. प्रोग्रॅमरने बसून क्रम लावला नाही तर बटण, टायमर, सेन्सर, सगळेच सर्वोच्च. परिणाम काय? कोणीच कोणाला बाजूला सारू शकत नाही. मोटर बेफाम फिरतेय हे सांगायला आलेली हाक, पॅनेलवरचा दिवा लावायला बसलेल्या हँडलरच्या मागे निमूट उभी राहते, कारण मान दोघांचा सारखा. ज्या कचेरीत प्रत्येक फाइलवर ‘तातडीचे’ असा लाल शिक्का असतो तिथे नेमकी हीच व्यवस्था रीसेटपासून तशीच चालू आहे. याच घराण्यातल्या एसटीएम३२ जातीच्या बहुतेक चिपांवर १६ पायऱ्या दिलेल्या असतात. नानांच्या घरात पायरी एकच, आणि तिच्यावर नातवाची पतंग, सोसायटीचा मेंटेनन्स, मेव्हण्याचा फोन आणि विवरणपत्राची मुदत अशी सगळी मंडळी खांद्याला खांदा लावून उभी.

शून्याच्याही वर बसणारे तिघे असतात, आणि त्यांचे आकडे उणे आहेत: रीसेट उणे ३, ज्याला कोणतीही आज्ञा थोपवू शकत नाही तो एनएमआय उणे २, आणि चिपच्या आतल्या गंभीर चुकीची वर्दी देणारा हार्डफॉल्ट उणे १. नाजूक हिशेबाच्या वेळी प्रोग्रॅम बाकीच्या हाका तेवढ्यापुरत्या बंद ठेवू शकतो, पण त्या नेहमीच्या रीतीने या तिघांना दार लावता येत नाही. काही एसटीएम३२ चिपांत मुख्य घड्याळाचा स्फटिकच बंद पडला तर ती बातमी एनएमआयच्या मार्गाने येऊ शकते, आणि ते रास्त आहे. नाडीच थांबली तर ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणून चालणार नाही. घरातला एनएमआय म्हणजे उतू जाणारं दूध. ‘अहो, दूध!’ या दोन शब्दांपुढे आयकर, मेव्हणा आणि मुदत सगळे क्षणात गळून पडतात, आणि नाना धावतात. हा एक प्रसंग असा, की जिथे माणसाची इंटरप्ट-व्यवस्था निर्दोष चालते. परतल्यावर आकडे आठवत नाहीत हा भाग सोडून द्या.

प्रायॉरिटी नीट लावली की प्रश्न मिटला, असं मानणाऱ्यांसाठी मंगळावरचा एक दाखला आहे. ४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनमधून स्वतःला रीसेट करू लागला. तो मायक्रोकंट्रोलर नव्हता, चांगला मोठा संगणक होता, पण रोग याच घराण्यातला. माहितीची ने-आण सांभाळणारं काम वरच्या पायरीचं, हवामानाच्या नोंदी घेणारं काम खालच्या पायरीचं, आणि दोघांना एकच सामाईक कुलूप आळीपाळीने वापरायचं. हवामानवाल्याने कुलूप धरलं की तेवढ्यात मधल्या पायरीवरचं लांबलचक संपर्काचं काम त्याला बाजूला सारून बसे. हवामानवाला हलेना म्हणून कुलूप सुटेना, कुलूप सुटेना म्हणून वरचा साहेब अडकलेला. आणि साहेब वेळेत हजर नाही हे बघून देखरेख करणारी यंत्रणा सगळंच नव्याने सुरू करी. हवापाण्याच्या गप्पांमुळे महत्त्वाचं काम अडतं हे पृथ्वीवर ठाऊक होतंच. अभियंत्यांनी इथल्या प्रतिकृतीवर दोष शोधला आणि एवढ्या लांबून एक खूण बदलली: साहेब ज्याच्यासाठी अडलाय त्या कनिष्ठाला, कुलूप सुटेपर्यंत साहेबाचाच हुद्दा. हा उपाय आपल्याकडे लागू करायचा तर कारकुनाला दहा मिनिटांसाठी सचिव करावं लागेल. मग दहा मिनिटांनी तो हुद्दा परत कोण घेणार, हे मंगळावरच्या कुलपापेक्षा अवघड आहे.

यावर शहाणे लोक वेगळा तोडगा सुचवतात. ते म्हणतात, हाका बंदच करा. आपणच ठरल्या वेळी फेरी मारून प्रत्येकाला विचारावं, काय हवंय का? या पद्धतीला पोलिंग म्हणतात आणि ती अगदीच टाकाऊ नाही. छोट्या उपकरणात, जिथे घाई नाही, तिथे ती साधी आणि बिनघोर चालते. बटणाच्या बाबतीत तर ती इंटरप्टपेक्षा सरस ठरू शकते. बटणातला धातू दाबला की एकदाच टेकत नाही, काही मिलिसेकंद थरथरत राहतो. इंटरप्ट लावून ठेवला तर एका दाबाच्या पाच-सात हाका येतात आणि यंत्राला वाटतं, मालक फार चिडलाय. दर दहा-वीस मिलिसेकंदांनी नुसतं डोकावून पाहिलं की थरथर ओसरलेली असते. मात्र पोलिंगचा भुर्दंड असा, की काही घडलेलं नसतानाही फेरी चुकत नाही. इंटरप्टवाली चिप काम नसेल तेव्हा झोपते, टिचभर बॅटरीवर महिनोन्महिने काढते, आणि हाक आली तरच उठते. माणसाने काय केलंय? फोनचे सगळे आवाज बंद केले, ‘मन एकाग्र करतोय’ असं जाहीर केलं, आणि आता दर दोन मिनिटांनी स्वतःच फोन उलटा करून बघतोय, काही आलं का. हाक मारणारं कोणी नाही, फेरी मात्र अखंड. बॅटरी फोनचीही उतरते आणि नानांचीही.

अधिक भारदस्त आक्षेप संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांचा आहे. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये एक्स१ हा संगणक घडत होता. त्याचे रचनाकार लूपस्ट्रा आणि स्कोल्टन यांनी त्यात इंटरप्ट घालायचं ठरवलं तेव्हा डाइक्स्ट्रा घाबरले. त्यांची भीती खरी होती: हाक नेमकी कुठल्या दोन आज्ञांच्या मध्ये येईल हे सांगता येत नाही, म्हणजे चूक घडली तर ती पुन्हा तशीच घडवून दाखवता येणार नाही. त्या दोघांनी स्तुती करून करून त्यांचा विरोध विरघळवला, असं पुढे डाइक्स्ट्रांनीच लिहून ठेवलंय. मग त्यांनी त्यावर इतकं काम केलं, की १९५९ चा त्यांचा प्रबंध त्याच यंत्राच्या बाहेरच्या जगाशी होणाऱ्या संवादावर उभा राहिला. भल्याभल्यांचा तात्त्विक विरोध ‘हे तुमच्याशिवाय कोणाला जमणार!’ या वाक्यापुढे टिकत नाही, हा या कथेचा वेगळाच लाभ. पण भीती पोकळ नव्हती. आठ बिटांची चिप सोळा बिटांचा आकडा दोन घासांत वाचते. समजा आकडा २५५ आहे. तिने खालचा अर्धा भाग उचलला, तेवढ्यात टायमरची हाक आली, हँडलरने आकडा एकाने वाढवून २५६ केला, आणि परतून तिने वरचा अर्धा उचलला. जुना खालचा आणि नवा वरचा जोडून झाले ५११, जो आकडा त्या मेमरीत कधी नव्हताच. नानांनी फोनवरच्या बातमीचा अर्धा भाग नळ सुरू असताना ऐकला आणि उरलेला नळ बंद केल्यावर; तेवढ्यात विषय बदललेला होता. दोन अर्धे जोडून त्यांनी संध्याकाळी सोसायटीभर सांगितलं, की सुधाकरने जुनी गाडी विकून नाशिकच्या मुलीशी लग्न ठरवलं. गाडी विकली होती सुधाकरने. लग्न ठरलं होतं वेगळ्याच कोणाचं. यावर उपाय इंटरप्ट काढून टाकणं हा नसतो. वाचताना दोन घासांपुरतं दार लावायचं आणि लगेच उघडायचं. उघडायला विसरायचं नाही, हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. विसरलं तर यंत्र शांत, एकाग्र आणि पूर्ण बहिरं होतं, आणि घरच्यांना वाटतं नाना ध्यानाला बसलेत.

आतापर्यंत बाहेरच्या हाकांचं झालं. एक्सेप्शन म्हणजे मुख्यतः आतून उठलेली बोंब: नसलेल्या पत्त्यावर गेलो, न कळणारी आज्ञा समोर आली, परवानगी नसलेल्या जागी हात घातला. इथे विरोधकांच्या हाती चांगलं कोलीत आहे, आणि ते मी स्वतःच देतो. कॉर्टेक्स-एम३मध्ये अशा चुकांसाठी तीन वेगवेगळी खाती आहेत, मेमरीचं, बसचं आणि गैरवापराचं. पण चिप सुरू होताना तिन्ही बंद असतात. त्यामुळे किरकोळ तक्रारही थेट हार्डफॉल्टच्या दालनात जाते, जसं गल्लीतल्या दिव्यासाठी मंत्रालयात निवेदन. तिथे काय होतं? चिप बनवणारे सोबत जी सुरुवातीची फाइल देतात, तिच्यात आपण काही न लिहिलेल्या प्रत्येक हँडलरच्या जागी एकच तयार उत्तर असतं: जिथे आहेस तिथेच गोल फिर. कायम. ‘साहेब, भलत्याच पत्त्यावर गेलो.’ ‘फिर.’ ‘साहेब, आज्ञा कळत नाही.’ ‘फिर.’ आणि हार्डफॉल्टच्या हँडलरमध्येच चूक झाली तर चिप हात टेकते आणि गोठते. त्या अवस्थेला लॉकअप म्हणतात. बघा, विरोधक म्हणतील, तुमची आदर्श चिप! पण या गोल फिरण्यात एक सचोटी आहे. चूक जिथे कळली तिथून ती हलत नाही. आठ वस्तू स्टॅकवर मांडलेल्या असतात, डीबगर लावला की कुठल्या पत्त्यावर पाय घसरला ते दिसतं. नाना चूक झाल्यावर जागेवर थांबत नाहीत. ते पुढे जातात, दोन रकाने चुकीच्या आधारावर भरतात, बेरीज जुळत नाही म्हणून तिसरा दुरुस्त करतात, आणि मग गोल फिरतात. कोलीत पूर्ण विझत नाही, हे कबूल. शून्याने भागलं तर हीच चिप, वेगळं सांगून ठेवलं नसेल, तर ओरडत नाही. गुपचूप शून्य हे उत्तर देऊन पुढे जाते. हा संकोच तिने आपल्याकडूनच उचललेला दिसतो.

गोल फिरणाऱ्याला सोडवतो तो वॉचडॉग. हा एक स्वतंत्र टायमर. मुख्य प्रोग्रॅमने ठरल्या मुदतीत त्याला ‘मी जागा आहे’ असं कळवायचं, नाही कळवलं तर तो काहीही न विचारता सगळं रीसेट करतो. व्यवस्था उत्तम, पण तिला फसवायची एक सोपी युक्ती आहे आणि आळशी प्रोग्रॅमर ती हमखास करतात: हा निरोप ते टायमरच्या हँडलरमध्ये टाकून देतात. मुख्य काम कधीच बंद पडलंय, चक्र अडकलंय, पण टायमर ठरल्या ठेक्यावर वाजतो आणि दर वेळी निरोप जातो, सर्व ठीक. नानांच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहात रोज पहाटे सूर्योदयाचं चित्र आणि ‘शुभ सकाळ’ येतं. ते बघून सगळे निर्धास्त होतात की काका ठणठणीत आहेत. विवरणपत्राचं काय झालं हे कोणी विचारत नाही. चिपवाल्यांनी यावरही एक तोड काढली आहे, खिडकीवाला वॉचडॉग. त्याला निरोप उशिरा आला तर चालत नाहीच, पण ठरल्या वेळेआधी आला तरी तो यंत्र रीसेट करतो, कारण इतक्या घाईने ‘मी जागा आहे’ सांगणारा जागा असला तरी त्याचं काहीतरी बिनसलेलं असतं. हा पहारेकरी व्हॉट्सॲपवर बसवला तर पहाटे सव्वाचारला गुलाबाचं फूल पाठवणारी निम्मी ज्येष्ठ मंडळी दिवसातून एकदा तरी बंद होऊन पुन्हा सुरू होतील.